पाण्यात पाय सोडून बसलेली खुर्ची

मित्रांनो, लपवून काय उपयोग? मी जुनी लाकडी खुर्ची, आणि कुणी टेकलं रे टेकलं की मी करकरते.

मला घडवणाऱ्या सुतारबाबांना याची फार लाज वाटे. त्यांच्या हातचं काही कधी डुगडुगलं नाही. डुगडुगला तो माझाच मागचा पाय.

त्यांची लेक मात्र माझ्यावर जीव टाकी. व्हिडिओ गेममधल्या जलचरांना ती आवाज देते. जो प्राणी कुणी पाहिलाच नाही, तो कसा हुंकारेल, हे तिच्या कानांना आधी कळतं. ओलं चामडं पिळून ती खेकडा बोलता करते. यंदा तिच्याकडे आली होती खोल समुद्रातली डोंगराएवढी आई, हरवलेलं पिलू शोधणारी. लेकीने माझे पाय पाण्याच्या टबात ठेवले, फुग्यात गुंडाळलेला मायक्रोफोन शेजारी बुडवला आणि माझ्यावर बसून हळूहळू झुलली. माझी करकर तिने संगणकावर संथ केली, तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

त्या आईचा श्वास झाला, हुंकार झाला. उरली पिलाला मारायची हाक. ती संध्याकाळपर्यंत पोचली नाही, तर खेळ बनवणारे आईलाच खेळातून वगळणार होते.

दुपारी लेक जरा बाहेर गेली. बाबांनी तेवढ्यात मायेने माझ्या सांध्यात पाचर ठोकली. लेक परतली, बसली. मी गप्प.

"बाबा, हिला काय केलंत?"

"बरी केली. आता तुझा साहेब बसला तरी हूं की चूं करायची नाही."

लेक रागावली नाही. तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि त्या आईचा श्वास ऐकवला. बाबांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

"ही आपली खुर्ची?"

"तुमच्याच हातची."

त्यांनी पटाशी आणली. स्वतःचं चोख काम स्वतः मोडणं सोपं नसतं, मित्रांनो. पाचर निघाली, पण माझा आवाज चिरका झाला. मग त्यांनी माझ्या पाठीला कान लावला, कानशीने सांधा केसभर घासला. "डावीकडे रेल, पोरी. अजून थोडी. आता सोड."

आणि मी बोलले. लांबवर गेलेली, शेवटी वर वळलेली हाक. लेकीने ती तशीच पाठवली.

म्हणून विनवते, जुन्या वस्तूंची दुरुस्ती जरूर करा, पण हत्यार उचलण्याआधी घटकाभर कान लावा. आज त्या खेळात, काळोख्या पाण्यात, एक पिलू दचकून थांबतं. माझी झीज ऐकतं, आणि आईकडे पोहत सुटतं.