गप्प बसा, पोरीचा क्लास हाय

बहिऱ्या मुलांच्या वर्गात पडद्यावर कोण दिसावं, हे आवाजावरून ठरवायची अक्कल ज्या माणसाच्या डोक्यातून निघाली, तो मला एकदा भेटायला हवा. मी त्याला चहासुद्धा विचारणार नाही.

माझी मुलगी समीक्षा जन्मापासून बहिरी आहे. मिरजेला मूकबधिर मुलांची निवासी शाळा आहे, तिथं ती पहिलीपासून शिकत होती. सातवीत गेली आणि कोरोना आला. वसतिगृह बंद झालं आणि पोर पत्र्याची पेटी घेऊन साताऱ्याजवळच्या आमच्या गावी परत आली. थोड्या दिवसांनी शाळेनं फोनवर वर्ग सुरू केले. तिचे वडील फौजेत, आसामला पोस्टिंगवर. त्यांनी तिकडूनच बजावलं, पोरीला चांगला मोठा फोन घ्या.

बाकीचा बंदोबस्त माझ्या सासऱ्यांनी केला. सयाजी हवालदार पेन्शनीत आले, पण घराची परेड काही त्यांनी सोडली नाही. टीव्ही बंद झाला, म्हैस मागच्या शेडात गेली. शेजारची सुलाबाई कुंपणावरून हाक मारायची, तिलाही दम मिळाला.

"गप्प बसा, पोरीचा क्लास हाय! कुणी हूं की चूं करायचं न्हाई."

"आवं मामंजी, तिला ऐकू कुठं येतंय? आवाजानं तिचं काय बिघडणार हाय?"

"तिला येत न्हाई, पर सरांस्नी येतंय न्हवं?"

शिवाय शाळेचाही मेसेज आला होता, 'वर्ग सुरू असताना घरात पूर्ण शांतता राखावी.' ऐकू येणाऱ्या मुलांच्या कुठल्यातरी शाळेची सूचना उचलून जशीच्या तशी पुढं ढकललेली. बहिऱ्यांच्या शाळेत हे पाठवताना कुणाची बोटं थबकली नाहीत.

पहिले काही दिवस समीक्षा आनंदात होती. वेणी घालून, गणवेश चढवून फोनसमोर बसायची. मग बिनसलं. वर्ग चालू असताना ती मध्येच टाळ्या वाजवू लागली, टेबलावर थापा मारू लागली. एकदा तर जेवणाचं ताट आणून चमच्यानं बडवायला लागली. मामंजींनी ताट काढून घेतलं, तशी तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. माझ्यासमोर उभं राहून ती भराभरा हात हलवत होती, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सुट्टीला आलेल्या पोरीशी आम्ही कायम खाणाखुणांवर भागवलेलं. मला वाटलं, फोनचा कंटाळा आला असेल.

आणि मग मगदूम सरांचा फोन आला. हे तिचे वर्गशिक्षक, मिरजेत राहतात, भला माणूस.

"ताई, समीक्षा वर्गात दिसत नाही. नाव दिसतं, पण हात वर करत नाही, उत्तर देत नाही. संस्थेचे सचिव म्हणताहेत, शाळा उघडली की तिची वसतिगृहातली जागा दुसऱ्या मुलाला द्यायची. शनिवारी पालकसभेत ठरणार आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज नेमानं बसणारी पोर यांना दिसत नाही? ती जागा गेली तर हिनं जायचं कुठं? गावच्या शाळेत हातांची भाषा कोणाला येते?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. बघते तर सगळ्या पडद्यावर तिच्या वर्गातला कुपवाडचा राजवर्धन, नाकात बोट घालून. त्याच्या घराला लागून वर्कशॉप आहे. तिथं पत्र्यावर हातोडा पडला की राजवर्धन मोठा. मग कुणाच्या तरी दारात शेळी ओरडली, तर पडदाभर ती शेळी आली. आणि सर? सर बिचारे मिरजेच्या शांत खोलीत बसून हातांनी गणित शिकवत होते. त्यांचा आवाज नाही, म्हणून ते खाली एका नखाएवढ्या चौकोनात, अर्धे हात कापलेले. समीक्षानं डोळे बारीक करून ते बघितलं, हात वर केला, उत्तर दिलं. सरांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

तेवढ्यात माझ्या स्वयंपाकघरात कुकरनं शिट्टी दिली.

चौकोनातले सर दचकले. त्यांनी समोर बोट केलं, हसले, समीक्षाशी हात हलवून बोलायला लागले. तीही बोलली. शिट्टी संपली, राजवर्धनच्या शेजारी हातोडा पडला आणि सरांची नजर दुसरीकडं गेली. समीक्षानं माझ्याकडं पाहिलं, कुकरकडं बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर. ज्या पोरीला आवाज म्हणजे काय ते माहीत नाही, तिनं इतरांची हलणारी तोंडं बघून हे कधीच ओळखलं होतं. सरांना दिसावं म्हणूनच ती ताट बडवत होती, आणि आम्ही तिला दटावत होतो.

शनिवारी फोनवरच पालकसभा झाली. सचिव शिस्तीवर बोलले, संस्थेच्या नावलौकिकावर बोलले, आणि बोलत होते तोवर पडदाभर तेच होते, दातांसकट. मुलं मागं कुठंतरी.

"या विद्यार्थिनीचा प्रतिसाद शून्य आहे," ते म्हणाले.

"साहेब, ती रोज उत्तर देते. आमच्या घरात आवाज नसतो म्हणून ती तुम्हाला दिसत नाही."

"ताई, इतर मुलं दिसतात ना? तांत्रिक बाबी नंतर बघू."

"इतर मुलं न्हाई, त्यांच्या घरचा गोंगाट दिसतोय तुमाला!"

ते हसले. हसले म्हणून मी उठले, नाहीतर कदाचित आणखी अर्ज-विनंत्या करत बसले असते. स्वयंपाकघरातून ताट आणि लाटणं आणलं आणि फोनजवळ बडवायला सुरुवात केली. मामंजी धावत बाहेर आले.

"आगं, काय चालवलंयस?"

"तुमच्या नातीला वर्गात बसवतीया!"

समीक्षानं हात उचलले आणि बोलायला लागली. मगदूम सर तिचं बोलणं आम्हाला सांगायला गेले, तर त्यांच्या आवाजानं तेच पुढं आले आणि ती गेली. ते चटकन गप्प झाले. सचिवांनी मात्र तोंड उघडलं, "अहो, हा काय प्रकार—"

"साहेब, तोंड बंद करा! तुमी बोलला की माझी पोर दिसत न्हाई!"

जन्मात मी कुणा मोठ्या माणसाला असं बोलले नव्हते. मामंजींनी फळीवरची पितळी परात काढली आणि दोन्ही हातांनी दणादण वाजवू लागले. एकेका पालकानं आपापला आवाज बंद केला. सचिवांचे ओठ हलत होते, पण सरांनी त्यांचाही आवाज बंद केला असावा. समीक्षा बोलत राहिली. चौकोनांतली पोरं दोन्ही हात हवेत उचलून पंजे हलवायला लागली. बहिऱ्यांची टाळी तशी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

तिचं झाल्यावर आम्ही थांबलो, आणि सर बोलले. "ती सांगते, मी रोज हात वर केला. परवाचं दशांशाचं गणित तिनं आत्ता करून दाखवलं, बरोबर आहे. साहेब, तिची जागा जाणार असेल तर माझीही जागा भरायला घ्या."

सचिवांनी जागा कायम ठेवली. वर मला म्हणाले, पुढच्या वेळी कृपया ताट वाजवू नका. चूक कबूल करायची सोडून ताटाचा राग!

संध्याकाळी सरांनी मला वेगळा फोन केला. "ताई, तिचं शेवटचं वाक्य मी सभेत सांगितलं नाही. चारचौघांत नको वाटलं."

"काय म्हणाली?"

"शाळा कधी उघडणार, असं विचारलं तिनं. म्हणाली, वर्गात मी कुणाला दिसत नव्हते. घरी मी सगळ्यांना दिसते, तरी माझ्याशी कुणी बोलत नाही."

सचिवांना सुनवायला माझ्याकडं शब्दांची कमी नव्हती. आता हे कुणाला सुनावू? मी फोन ठेवला.

"काय म्हणलं सर?" मामंजींनी विचारलं.

मी सांगितलं. ते जवळ येऊन बसले. "आसं म्हणली?" "व्हय." "आपल्याला कवा कळलं न्हाई ते." "न्हाई कळलं, मामंजी." आम्ही दोघं असं बराच वेळ बोलत राहिलो, आणि समीक्षा समोर बसून आमच्या हलणाऱ्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती.