तिसरं पातं

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटलं, तर माझं बब्रुवान हे नाव बदला. अकरा हजार व्होल्टची तार मी उघड्या हातानं धरलीय, आणि नंतर घरी जाऊन पोटभर जेवलोय.

हीच गोष्ट परवा उमरग्याच्या शिवारात निकिताला सांगत होतो. ती आमच्या भागाची नवी वायरमन. मी रिटायर, पण डीपीपाशी कुणी दिसलं की पाय तिकडंच वळतात. डीपीत बिघाड होऊन मोटार बंद पडली होती, अन् शेतमालक इंद्रजितचा ऊस वाळत होता. निकितानं खांबावरची लाईन तोडणाऱ्या एबी स्विचचा दांडा खाली ओढला, कुलूप घातलं, चावी खिशात टाकली.

"चढा की आता, ताई," इंद्रजित म्हणाला. "दांडा खाली आलाय, अजून काय बघायचंय?"

मी म्हटलं, "थांब पोरी. एक गोष्ट ऐकून जा."

"आप्पा, तुमच्या गोष्टीपायी ऊस जाईल माझा!"

"त्या दिवशीबी दांडा असाच खाली होता," मी सुरू केलं. "म्या चढलो. तार धरली. करंट बोटातून शिरला अन् टाचेतून निघाला. तीन दिवस बायको माझ्या हातात बल्ब देऊन उजेडात भाकरी थापायची."

इंद्रजित फिदीफिदी हसला. निकिता हसली नाही. "दांडा खाली असून करंट कसा?"

"दांड्याला काय विचारतीस? वर बघ. घरातल्या बटनाच्या आत काय चाललंय ते दिसत न्हाय. हा स्विच तारंत फट पाडतो, डोळ्यांना दिसंल अशी. त्यासाठीच तर बसवलाय. तीन पाती, तीन फटी. मोजून घे."

तिनं उन्हाला हात आडवा धरून वर पाहिलं. "एक... दोन..." आणि थांबली. कडेचं तिसरं पातं गंजून जागेवरच चिकटलं होतं.

इंद्रजितचं हसू जिरलं. निकितानं सबस्टेशनला फोन लावला, सगळी लाईनच बंद करायला सांगितली आणि तिकडून निरोप येईपर्यंत बांधावर बसली.

"मग पुढं काय झालं, आप्पा?"

इथं मी आवरायला हवं होतं. पण ऐकणारं माणूस भेटलं की जीभ थांबत नाही.

"पुढं काय! ठिणगी उडाली. चपलेच्या तळव्याला हे एवढं भोक पडलं, त्यातनं धूर. पाय नुसता लोंबकळत होता. आधी चप्पल पडली, मग..."

"आप्पा," निकिता हळूच म्हणाली, "वर तुम्ही होता, तर चपलेचा तळवा खालून कसा दिसला तुम्हाला? तुम्ही चढलाच न्हाय. वर दुसरंच कुणी होतं. दांडा ओढून खाली उभं होता तुम्ही."