पडद्यांची गाडी

थोरल्या जाऊबाईंनी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात उघड विरोध कुणी केला नाही. फक्त प्रत्येकाने आपापल्या परीने नाक मुरडलं. दोघी जावा मिळून पडदे शिवायच्या. तयार पडदे पोचवायला थोरली स्कूटर चालवायची आणि धाकटी मागे गठ्ठ्याला मिठी मारून बसायची. वळण आलं की तिचा जीव मुठीत.

"एक दिवस पडद्यांसकट उडून जाशील," थोरली म्हणाली आणि गाडी शोधायला लागली.

चष्म्याच्या दुकानवाल्याची छोटी निळी गाडी विकायची होती. धाकटीचा जीव तिच्यावर बघताक्षणीच जडला. थोरलीने मात्र आधी बॉनेटवर तळहात टेकवला.

"आत्ता फिरवून आणलीत का?"

"छे हो, सकाळपासून जागची हलली नाही."

"मग तापली कशानं?"

चष्मेवाला ओशाळला. "खरं सांगू? गार असली की जरा रुसते. म्हणून आधीच सुरू करून ठेवली होती."

"मग गार होऊ दे. आम्ही बसतो."

आणि थोरली खरोखरच त्याच्या पायरीवर बसली. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोरलीने चष्मेवाल्याच्या बायकोशी गप्पा काय मारल्या, तिच्या खिडक्यांची मापं काय घेतली! इंजिन निवलं, तेव्हा पडद्यांचं एक काम पदरात पडलं होतं. मग गाडी कुरकुरत, खोकत सुरू झाली. बॅटरी म्हातारी झाली होती. "नवी बसवून द्या, गाडी आमची," थोरली म्हणाली, आणि चष्मेवाल्याने मुकाट्याने मान डोलावली.

तेव्हापासून थोरली गाडीचं सगळं जातीने बघायची. तेल, पाणी, चाकातली हवा. शिलाई मशीनलाही ती असंच जपायची, तेव्हा धाकटीला यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढे.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. सकाळी एका दवाखान्याचे पडदे पोचवायचे होते. आदल्या संध्याकाळीच ते गाडीत भरून ठेवलेले. धाकटीने गाडीचं दार उघडलं. पुढच्या सीटखाली पाणी साचलं होतं आणि तिथे घरंगळलेल्या एका पडद्याची कड तपकिरी झाली होती.

धाकटीचा नवरा दारातूनच म्हणाला, "वहिनी, गंजली असणार. येईल त्या भावात फुंकून टाका."

"भाऊजी, पाणी कुठून येतंय ते तर कळू दे," थोरली म्हणाली. आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. तिने धाकटीला टॉर्च देऊन सीटखाली डोकं घालायला लावलं आणि स्वतः तांब्यातांब्याने गाडीवर पाणी ओतत सुटली. टपावर ओतलं, काही नाही. दारावर ओतलं, काही नाही. पुढच्या काचेखाली ओतलं मात्र, धाकटी किंचाळली, "ताई, आलं! माझ्या नाकावर आलं!"

वायपरखालच्या जाळीत कुजक्या पानांचा लगदा बसला होता. पाण्याची वाट बंद, म्हणून ते आत उतरत होतं. थोरलीने पडद्याची जुनी तार वाकवून लगदा ओढून काढला. पुन्हा तांब्या ओतला, तर पाणी चाकामागून खाली. आत थेंब नाही. दोघी भिजून चिंब होत्या आणि हसता हसता त्यांची पुरेवाट झाली.

मग प्रश्न त्या कडेचा. "ताई, डाग दुमडीत जाईल. कुणाला दिसणार आहे?" धाकटी म्हणाली.

"मला," थोरली म्हणाली आणि कातरी घेतली. नवीन कापड काढून तिने तो पडदा पहिल्यापासून शिवला. दवाखान्याला फोन करून सरळ सांगितलं, गाडीत पाणी शिरलं, दुपार होईल. पलीकडून कुणी चिडलंही नाही.

धाकटीला नवल वाटलं ते याचं. इतकी वर्षं ती या बाईला कडक समजत आली होती.

पडदे पोचवून परतताना थोरलीने किल्ली तिच्या हातात दिली. धाकटी गाडी शिकून तयार होती, पण रहदारीत एकदाही चालवली नव्हती. "ताई, तुम्ही लक्ष ठेवा हं," ती म्हणाली.

"ठेवते की."

पहिल्या चौकात धाकटीने गियर नीट पडला का विचारायला मान वळवली. थोरली सीटला डोकं टेकवून गाढ झोपली होती.

धाकटीने श्वास रोखला आणि गाडी अगदी हळूच, धक्का न बसू देता पुढे काढली.