दोन बहिणींची गुलाबदाणी

मित्रांनो, काचेच्या कपाटात चहाच्या कपांमागे लांब मानेची एक पितळी वस्तू उभी आहे, ती मी. मी जुनी गुलाबदाणी आहे. जमलेल्या माणसांवर गुलाबपाणी शिंपडायचं, एवढंच माझं काम. आता ते मला कुणी सांगत नाही, म्हणून वेळच वेळ आहे. तुम्ही ऐकणार असाल तर माझी हकीकत सांगते.

एका कारागिराने माझं पोट पत्र्यातून ठोकून काढलं, मान वेगळी घडवली आणि दोन्ही आट्यांनी जोडली. डोक्यावरच्या कळीला बारीक भोकं पाडली. पहिल्यांदा पाणी भरून त्याने मला झटकलं, तर सगळा फवारा त्याच्याच चष्म्यावर! तो एकटाच खो खो हसला. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच हसण्याखेळण्यात जाणार.

मला एका बाईंनी विकत घेतलं. त्यांना दोन मुली. दरवर्षी पैगंबरांच्या जन्मदिवशी बाईंच्या पुढच्या खोलीत ओळखीपाळखीच्या बायका जमायच्या. बाई पैगंबरांच्या आयुष्यातल्या गोष्टी सांगायच्या. मग सगळ्या उठून उभ्या राहायच्या आणि पैगंबरांना सलाम, म्हणजे अभिवादनाचं गीत, म्हटला जायचा. एक ओळ थोरली म्हणायची, पुढची धाकटी. धाकटीचा आवाज असा, की नाक मुरडायला आलेल्या बायकाही डोळे पुसत परत जायच्या. तेव्हा मी हातोहात फिरायचे. "किती बारीक फवारा आहे गं!" असं कुणी म्हटलं की मी मनातून फुलून जायचे. वर्षातून एकच दिवस काम, पण त्याच्या आठवणीवर मी उरलेलं वर्ष काढायचे.

बाई गेल्या. थोरलीने लग्न केलं नाही. ती खालच्या खोलीत शिवणकाम करायची. धाकटी शाळेत शिकवायची आणि नवऱ्यासोबत वरच्या मजल्यावर राहायची. पैगंबरांचा तो दिवस आईसारखाच दोघी मिळून साजरा करायच्या. कापड बेतायचं मेज भिंतीला लावायचं, जमिनीवरच्या टाचण्या वेचायच्या. एका वर्षी राहून गेलेल्या टाचणीने एका काकूंना सलामाच्या आधीच उभं केलं होतं!

पुढे धाकटी धर्माच्या एका अभ्यासवर्गाला जाऊ लागली. मन लावून वाचू लागली. तो दिवस जवळ आला तसा थोरलीने मला पुसायला घेतलं. धाकटी येऊन तिच्यासमोर बसली.

"आपा, या वर्षी मी येणार नाही."

"का गं? बरं नाही का?"

"बरी आहे. पण हे आपण धर्म समजून करतो, आणि पैगंबरांनी हे स्वतः कधी केलं नाही. त्यांच्या सोबत्यांनीही नाही. ही मागाहून घातलेली भर आहे. मला ते आता करवत नाही."

थोरलीने फडकं खाली ठेवलं. "त्यांच्या काळात शिलाई मशीनही नव्हतं. मग तेही बंद करू?"

"मशीन चालवण्याला तू अल्लाहची इबादत म्हणत नाहीस, आपा. याला म्हणतेस."

"मी याला प्रेम म्हणते. ते जन्माला आले याचा आनंद झाला, म्हणून चार बायका बोलावून त्यांचं नाव घेतलं. यात वाईट काय? धर्म जाणणाऱ्या मोठमोठ्या आलिमांनी याला चांगलं म्हटलंय."

"आणि मोठमोठ्या आलिमांनी नकोही म्हटलंय."

"म्हणजे अम्मी आयुष्यभर चुकली?"

 "अम्मीची नियत साफ होती," धाकटी हळूच म्हणाली. थोरलीला हे उत्तर नको होतं.

त्या वर्षी बायकांनी विचारलं, "धाकटी कुठे आहे?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "ज्यांचं पैगंबरांवर प्रेम आहे, त्या आल्या आहेत." दार उघडं होतं. धाकटी जिन्यातच होती. तिला ते जिव्हारी लागलं. कारण तीही प्रेमापोटीच दूर राहिली होती.

तेव्हापासून अबोला. ईदबद्दल तर दोघींचा काही वाद नव्हता, तरी ईदलासुद्धा धाकटीचा नवराच झाकलेलं ताट घेऊन खाली यायचा आणि थोरलीने भरून दिलेलं ताट घेऊन वर जायचा. दोघी जिन्यात समोरासमोर आल्या की एकीला काहीतरी विसरल्याचं आठवायचं आणि ती मागे वळायची. रिकाम्या वेळी थोरली मशीन थांबवून वरच्या पावलांचा कानोसा घेत बसायची.

हळूहळू बायकाही कमी झाल्या. कुणी गाव सोडलं, कुणाच्या सुनेला धाकटीचं म्हणणं पटलं, कुणी मोठ्या सभागृहातल्या कार्यक्रमाला जाऊ लागलं. शेवटी एका वर्षी कुणीच आलं नाही. थोरलीने मला काठोकाठ भरलं होतं. बराच वेळ वाट पाहून ती एकटीच उभी राहिली आणि तिने सलामाची पहिली ओळ म्हटली. मग थांबली. पुन्हा तीच ओळ म्हटली. पुन्हा थांबली. खोलीत काहीच हलेना.

वर पावलं वाजली. धाकटी धावत खाली आली. तिचे हात ओले होते.

"आपा! पडलीस की काय?"

"नाही गं."

"मग गप्प का झालीस?"

"पुढची ओळ तुझी आहे."

धाकटी दारातच उभी राहिली. तिने ओठ उघडले. मला वाटलं, आता म्हणणार.

"मला नाही म्हणता येणार," ती म्हणाली. "तुझ्यासाठी म्हटली तर ती खोटी होईल, आपा."

"नको म्हणूस." थोरली खाली बसली. "त्या दिवशी मी बोलले ते बोलायला नको होतं. तुझं प्रेम मोजणारी मी कोण?"

धाकटी आत आली आणि बहिणीला टेकून बसली. दोघी रडल्या. मग धाकटी म्हणाली, "अम्मी त्यांच्या गोष्टी सांगायची ना, त्या मला सगळ्या पाठ आहेत. त्या मी सांगेन."

"सांग की."

"आज नाही. उद्या. उद्या साधा दिवस आहे."

थोरलीला हसू फुटलं. "हट्टी ती हट्टीच! बरं, उद्या तर उद्या."

दुसऱ्या दिवशी धाकटी खरंच आली. पोरक्या लहानग्या पैगंबरांना आजोबांनी कसं जवळ केलं, ते तिने सांगितलं. थोरली काजं करता करता ऐकत होती. दोघींची मतं शेवटपर्यंत बदलली नाहीत. दरवर्षी त्या दिवशी थोरली एकटी सलाम म्हणायची, रिकाम्या सतरंजीवर माझ्यातलं गुलाबपाणी शिंपडायची. दुसऱ्या दिवशी धाकटी खाली उतरायची.

आता थोरलीही नाही. धाकटीने मला वर आणलं. एकदा तिच्या अभ्यासवर्गातली एक बाई म्हणाली, "हिला कशाला ठेवलंस? तू तर हे सगळं सोडलंस ना?"

"माझ्या आपाची आहे," धाकटी म्हणाली. "आणि सुगंध तर पैगंबरांनाही प्रिय होता."

तरीही ती मला भरत नाही. कधी कपाट उघडते, माझ्या मानेवरून बोट फिरवते आणि कप घेऊन निघून जाते.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरी असेल तर तिचे आटे अधूनमधून फिरवत जा, नाहीतर ते कायमचे जाम होतात. आणि आपल्या माणसाशी कितीही मतभेद झाले तरी त्याच्याकडे जाणं सोडू नका. या दोघी शेवटी एकमेकींजवळ बसल्या, हे मी पाहिलं. मधली वर्षं मात्र कुणालाच परत मिळाली नाहीत.