चौदा नंबरच्या दाराशी

मी चादरींची गाडी बोलतेय. न्यू मेक्सिकोत हमरस्त्यालगत एक मोटेल आहे. तिथे धुतलेल्या चादरी, टॉवेल, साबणाच्या वड्या माझ्यावर लादायच्या आणि मला खोलीखोलीपुढे ढकलत न्यायचं, असा माझा जन्म गेला.

अकरा वर्षं मला ऑफेलिया बार्राझानं ढकललं. माझं पुढचं चाक कुरकुरायचं. ती त्याला स्वयंपाकाचं तेल घालायची नि म्हणायची, "म्हातारे, माझे गुडघे कुरकुरतात तेवढं पुरे नाही का?" शाळेला सुट्टी असली की तिची मुलगी येसेनिया माझ्या खालच्या फळीवर बसून फिरायची. ऑफेलिया बेसूर गायची, मोठ्यानं हसायची. पाहुण्यांना मात्र ती दिसतच नसे. तिच्या देखत ते भांडायचे, रडायचे, जणू खोलीत कुणी नाहीच.

मग एका हिवाळ्यात चौदा नंबरच्या खोलीत मेरेडिथ नावाची लेखिका येऊन राहिली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचं नाव काय?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

रोज ती ऑफेलियाला कॉफी द्यायची. "बसा हो. चादर काय, उद्या बदला."

एका सकाळी ऑफेलिया बसली आणि बोलली. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडताना तिनं आपली पहिली, दोन वर्षांची मुलगी आजोळी ठेवली होती. वर्षभरात ती तापानं गेली. परत जायचं तर पुन्हा इकडे येणं नव्हतं, म्हणून मातीलाही जाता आलं नाही.

"कुणाला सांगू नका हं, बाई. माझ्या येसेनियालाही ठाऊक नाही."

लेखिकेनं तिचा हात धरला. "नाही सांगणार."

मी दारातच उभी होते. बाहेर येताना ऑफेलियानं डोळे पुसले. मला वाटलं, बरं झालं, ओझं उतरलं.

दोन वर्षांनी, भर दुपारी येसेनिया आली. आता ती कॉलेजात शिकत होती. हातात एक कादंबरी.

"आई, हे आम्हाला वर्गात लावलंय. यातल्या सफाईवाल्या बाईबद्दल सगळे म्हणत होते, 'बिचारी!' मीही म्हटलं. मग चौदा नंबरची खोली आली. कुरकुरणारं चाक आलं. त्याला स्वयंपाकाचं तेल घालणारी बाई आली."

ऑफेलियाच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"या पुस्तकात तू एकदाही हसत नाहीस, आई. नुसती खाली मान घालून उभी असतेस. पण ती बाळाची गोष्ट... खरी आहे?"

ऑफेलियानं होकारार्थी मान हलवली.

"काय नाव होतं तिचं?"

"लुसेरो."

"यात रोझा लिहिलंय." येसेनियाचा आवाज फाटला. "माझी बहीण, आणि मला पुस्तकातून कळावी? परक्या बाईला सांगितलंस. मला नाही!"

"तिनं विचारलं होतं, पोरी," ऑफेलिया हळूच म्हणाली.

येसेनियानं पुस्तक माझ्यावरच्या टॉवेलांवर ठेवलं आणि ती निघून गेली. ऑफेलियानं तिला हाक मारली नाही. माझ्या चाकानंच तर सगळी ओळख पटवली होती. ते मेलं चाक आधीच गळून पडलं असतं तर!

पुढे वसंतात येसेनियाचा फोन आला, पण ती हवापाण्याचंच बोलली. ऑफेलियाचं गाणं थांबलं. त्यानंतर एखाद्या पाहुण्यानं प्रेमानं नाव विचारलंच, तर ती मारिया सांगायची, दुसऱ्याला इनेस, तिसऱ्याला तेरेसा. वर्षभरानं ती काम सोडून गेली. नव्या गाड्या आल्या आणि मला मागच्या शेडमध्ये ढकललं.

वाचकहो, ती कादंबरी तुमच्या हाती आली तर जरूर वाचा. लोक म्हणतात, भाषा सुंदर आहे. फक्त बाळाचं नाव येईल तिथे क्षणभर थांबा आणि मनात 'लुसेरो' म्हणा. तिच्या आईनं ते इथे मोठ्यानं एकदाच उच्चारलं, आणि ऐकायला येसेनिया नि मी, दोघीच होतो.