एकोणीस नावांचं पान

"हे पान कुणी निवडलं?" श्यामलाबाईंनी काचेवर बोट ठेवून इंग्रजीत विचारलं.

"मीच," फिओना हसून म्हणाली. म्युझियमच्या प्रदर्शनाचं सगळं तिच्याकडे होतं. तिशीतली पोर, बोलायला गोड. "सगळ्यात सुंदर अक्षर याच पानावर आहे."

काचेखाली रोजनिशी उघडी ठेवली होती. बापूजी रिसबूड नावाचा रत्नागिरीचा माणूस १८९६ साली मुलूख बघत बघत म्हैसूरकडच्या सोन्याच्या खाणींवर पोचला, वर्षभर राहिला आणि रोज मोडीत लिहीत गेला. ती वही खाणीच्या हार्करसाहेबाच्या हाती कशी लागली, देव जाणे. त्याच्या पेटीतून ती विलायतेला आली, शंभर वर्षं माळ्यावर पडली आणि आता त्याच्या पणतीनं म्युझियमला दिली.

मोडी वाचणारं माणूस शोधता शोधता म्युझियमवाले लंडनजवळच्या स्लाऊला श्यामलाबाईंच्या दारात आले. बाईंचे वडील साताऱ्याच्या कोर्टात कारकून. त्यांनी पट्टी मारून मारून मोडी शिकवली, आणि त्या विद्येचा इंग्लंडात उपयोग शून्य. बत्तीस वर्षं बाईंनी विमानात वाढायच्या जेवणाचे ट्रे भरले. सुपरवायझर त्यांना 'सिक्स वन फोर' म्हणायचा. श्यामला हे नाव म्हणे जिभेला वळत नव्हतं. मेल्याला जगातल्या सगळ्या विमानतळांची नावं मात्र बरोबर वळायची.

म्हणून तर या पानाशी बाई अडल्या होत्या. रोजनिशीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'श्री' होतं. या एकाच पानावर नव्हतं. मरणाची खबर लिहिताना आपल्यात श्री घालत नाहीत, हे फिओनाला कुठून माहीत असणार? खाणीत आग लागली, आणि माल वाचावा म्हणून हार्करसाहेबानं माणसं आत असतानाच खाणीचं तोंड बुजवायला लावलं. कंपनीच्या दप्तरी मेलेल्यांचे नुसते हजेरीनंबर. रिसबुडांनी मात्र घरोघर हिंडून नावं गोळा केली होती. मुनियप्पा, वेंकटस्वामी, अंतोणी, सावंतवाडीचा भिवा परब. एकोणीस. ती नावं उतरवून काढायला बाईंना दोन दिवस लागले होते.

आणि आज त्या पानाखाली पाटी होती: 'खाणीवरची प्रसन्न सकाळ. साहेबांच्या बागेत गुलाब फुलले आहेत.'

भाषांतर बाईंचंच होतं, पण भलत्याच पानाचं.

"फिओना, पाटी चुकली आहे. या पानावर मेलेल्यांची नावं आहेत. मी तुला यादी दिली होती."

फिओनानं आवाज खाली आणला. "मला माहीत आहे. पण ते नको, असं हार्कर फॅमिलीचं म्हणणं पडलं. वही त्यांची आहे. आणि खरं सांगू, ते कुणाला वाचता येणार आहे?"

अस्सं. म्हणजे चूक नव्हतीच. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात ते असे, गोड हसून.

"मला येतं वाचता," बाई म्हणाल्या. "निदान एका चिठ्ठीवर नावं लिहून आत ठेव. मी घरी जाते, काही बोलणार नाही."

"सॉरी. पणतीबाई दहा मिनिटांत येतील."

एवढ्यात बाईंची मुलगी ईशिता ऑफिसच्या मैत्रिणीला घेऊन आली. तिनं आईला ओढतच समोरच्या भिंतीशी नेलं. "आई, बघ ना! फायनली तुझा नाव आला भिंतीवर!"

भाषांतर, श्यामला लिमये. पांढरी, चिकटवलेली इंग्रजी अक्षरं. खोटं कशाला बोला, त्या नावासाठी बाईंनी पैठणी काढली होती, आठवडाभर झोप नव्हती. नंबरावर आयुष्य गेलेल्या बाईला नावाची भूक असते, त्यात लाज कसली?

बाई पुढे झाल्या आणि पहिल्या अक्षराखाली नख घातलं.

"मम, काय करतेस? लोक बघतात!"

"त्या एकोणीस जणांचे ह्यांनी परत नंबर केले. त्याच्यावर माझं नाव नको."

"पण कोणाला कळणार पण नाही, आई."

"न कळू दे."

मैत्रिणीनं फोटोसाठी धरलेला कॅमेरा खाली केला. फिओना धावत आली आणि तिथंच थबकली, कारण दाराशी पणतीबाईंसाठी टाळ्या सुरू झाल्या होत्या. बाईंचं पहिलं नाव निघालं होतं. भिंतीवर फिकट डाग उरले.

"आय ॲम सो सॉरी," ईशिता फिओनाला सांगत होती. "तिला आज बरं नाहीये. वय झालंय."

बाईंनी ते ऐकलं, पण वळून पाहिलं नाही. आडनावाची सहा अक्षरं राहिली होती. त्यांनी पदर खोचला आणि त्यातलं पहिलं काढायला घेतलं.