अर्जदाराच्या जागी साहेब

खोलीत खुर्च्या अठरा, माणसं पंधरा, चालू पंखे दोन, बिस्किटांचे पुडे सहा आणि हसरा चेहरा एकही नाही. कोर्टातल्या लोकांना नीट ऐकायला शिकवायला आलेल्या प्रशिक्षिकेने दोनदा मोजलं. मोजण्याची तिला खोडच होती. गेले तीन दिवस ती याच कोर्टात मागच्या बाकावर घड्याळ धरून बसली होती. घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेऊन बावीस बायका आल्या. न्यायाधीश साहेबांनी मध्येच तोडण्याआधी प्रत्येकीला बोलायला मिळाले सरासरी अकरा सेकंद. निळ्या ओढणीच्या बाईला नऊ. तोंडातलं वाक्य तोंडातच ठेवून ती परत गेली होती. तिची पुढची तारीख उद्याच होती.

आकडे सांगावेत, तर साहेब म्हणणार, "पुरावा?" म्हणून तिने लुटुपुटूच्या सुनावणीतल्या भूमिकांच्या चिठ्ठ्या टाकल्या. साहेबांना निघाली अर्जदार पत्नी. न्यायाधीश निघाला शिपायाला. वीस वर्षं दारात पुकारा करणारा हा शिपाई, सगळे त्याला भोंगा म्हणत.

"बाई, माझी नोकरी जाईल हो!"

"निघाली ती निघाली," साहेब म्हणाले. "बस, भोंग्या."

भोंगा बसला मात्र, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला, पेन टेबलावर टकटकू लागलं. लघुलेखिकेने तोंडात रुमाल कोंबला. हुबेहूब साहेब!

"हं, बाई. थोडक्यात."

साहेबांनी चिठ्ठीवरची तक्रार वाचायला घेतली. "साहेब, तीन तारखेला यांनी माझा हात—"

"मुद्द्यावर या."

"मुद्दाच सांगतेय! हात पिरगळला, घराची किल्ली काढून—"

"किल्लीचं नंतर. टाळी एका हाताने वाजत नाही, बाई."

"अहो, पण माझं मूल त्यांच्याच—"

"आवरा."

"अरे गाढवा, मला बोलू तर देशील!"

"अर्जदार उर्मट," भोंग्याने लघुलेखिकेला सांगितलं. "तारीख, तीन महिन्यांनी. पुढचं प्रकरण!"

लघुलेखिकेचा रुमाल उडाला. कचेरी सांभाळणारे नाझर खुर्चीवरून घसरले, त्यांना उठवायला गेलेला कारकून त्यांच्यावरच पडला, एक बिस्किटाचा पुडा फुटला. हसू आवरेना. साहेब तेवढे लालबुंद उभे.

"मी असा बोलतो?"

चौदा जण पंख्याकडे बघू लागले.

"नाही साहेब," भोंगा हात जोडून म्हणाला, "तुम्ही फार भरभर बोलता. मला नाही जमत तेवढं."

साहेबांच्या ओठाचा कोपरा हलला. मग पोट हललं. मग ते खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि पाणी पुसता पुसता एकदम थांबले. चिठ्ठी अजून त्यांच्या हातातच होती.

"हिचं शेवटचं वाक्य मी पुरं वाचलंच नाही," ते म्हणाले. "मूल त्यांच्याच ताब्यात आहे. हे आधी कळायला नको?"

मग ते प्रशिक्षिकेकडे वळले. "किती सेकंद मिळाले मला?"

"तोडतोडून एकूण चौदा," प्रशिक्षिका म्हणाली, आणि तिने बावीस बायकांचा कागद पुढे सरकवला. साहेबांनी तो खालपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याने पुकारा केला. निळी ओढणी आत आली. साहेबांनी पेनाचं टोपण दातांत घट्ट धरलं. मागच्या बाकावर प्रशिक्षिकेने घड्याळाची कळ दाबली.

चार मिनिटं सतरा सेकंद.